मागच्या सीटपर्यंत थंडी

१४ एप्रिल, मंगळवार

सुमित गाडी घेऊन आला. त्याच्या बाबांची पांढरी, वयानं माह्यापेक्षा मोठी. काकांच्या एसी-दुरुस्तीच्या दुकानासमोर हॉर्न वाजवला, उतरला बी नाई.

"एसी थंडा करून दे ना बे. २६ ले बरात हाये. नवरी गोंदियाहून भिलाईले यातच आनायची हाये." अन् वरून, "काई शेंडी नको लावजो हं."

काका हसले. हसतीनच. सुमितच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी याच गाडीच्या ब्लोअरमधे पावडर मीच भरली होती. साहेबांसमोर भुतासारखा जाऊन बसला. नोकरी तरी लागली, पन ते कोनी सांगत नाई.

तो गेल्यावर काकाले म्हनलं, हे काम मी नाई करत.

"मंग कोन करन? माह्ये गुडघे डॅशबोर्डखाली मुडत नाई आता. कावून नाई करत?"

कावून.

होळीले त्याले सांगतलं होतं. क्वार्टरच्या मागं, दोघंच होतो. सरळ सांगतलं, तू मले आवडते, मस्करी नाई करून राहिली. तो झाडावर पाहाले लागला, भिंतीमागं पाहाले लागला. "कॅमेरा कहाँ छुपाया बे? कोन व्हिडिओ काढून राह्यलं?" एवढा हसला का गुलाल नाकात गेला. मी बी हसली. काय करू मंग.

१५ एप्रिल

शेवटी मीच एसीले गेज लावला. काटा भलतंच दाखवून राह्यला. वाल्व्ह जरासा दाबला तं वास. घरच्या शेगडीचा.

एसीत स्वयंपाकाचा गॅस! करतात असं जुन्या गाड्यांत. खरा गॅस उडून जाते, लीक शोधाची मेहनत कोनाले पाहिजे, सिलेंडर लावला अन् भरला. थंडा बी मस्त होते. पन आतली कॉइल लीक असन तं तो गॅस गाडीत जमते. काचा बंद, अन् कोनी माचिस ओढली तं?

सुमितले फोन केला. सगळं ऐकलं त्यानं. मंग हसला.

"वा. मतलब गाडीत चाय बी बनवू शकतो?"

"सुमित, खरं सांगून राहिली."

"तू नेहमी खरंच सांगते. रख फोन, ड्यूटी पे हूँ."

१६ एप्रिल

काकांनी नाक लावलं. "बराबर हाये पोरीचं." मंग काकांनी फोन लावला. स्पीकरवर होता. सुमित म्हने, "काकाजी, तुमाले बी सामील केलं का तिनं?"

काका माह्याकडं पाहून राहिले.

गाडी ढकलत मागच्या मोकळ्या जागेत नेली, गॅस सोडाले. चहावाल्या भैय्याले म्हनलं भट्टी बंद कर. तो दात काढते, "फेर का खेल करत हस नोनी?" त्याले बी वाटलं परत माहा काई खेळ. काका ओरडले तेव्हा बंद केली.

गॅस हळूहळू निंघून राह्यला होता अन् मी दूर उभी. डोळ्यांत पानी आलं. वासानं असन.

१८ एप्रिल

डॅशबोर्ड खोलला. कॉइल काढली, हवा भरून बाल्टीत बुडवली. बुडबुडे. बारीक, एकामागं एक, एकाच कोपऱ्यातून.

सुमितचे बाबा आले होते. "अगं, जुन्या गाडीसाठी एवढं कोन करते? नुसता गॅस टाकून दे ना. दुर्ग शहरातल्या मेकॅनिकनं दहा मिनिटात भरला होता."

म्हंजे दुर्गवाल्यानं भरला. त्याहीले बी सांगतलं. मान हालवली त्याहीनं, पन ओठात हासू होतं. मले दिसलं.

या मॉडेलची कॉइल आता येत नाई. काका उद्या रायपूरले भंगारात पाहाले जाऊन राहिले.

२१ एप्रिल

भेटली. जुनीच, पन दमदार. बाल्टीत टाकली तं एक बुडबुडा नाई. नवे वॉशर, तेल, सगळं टाकून बसवली. व्हॅक्यूम ओढून मशीन बंद केली अन् काट्याकडं पाहात बसली. काटा हालला नाई. जेवून आली, तरी तिथंच, म्हंजे लीक नाई.

मंग गॅस भरला. खरा. वजन करून, काका पाहून राहिले होते.

समोर बरफासारखं. मागं जाऊन बसली. मागं हवा कमी पोचते जुन्या गाडीत. नवरी मागं बसन, जरीचं नेसून, एवढा लांब रस्ता, एवढी धूप. समोरच्या मधल्या जाळ्या मागं वळवल्या, डावीकडं थोड्या जास्त. नवरी डावीकडं बसते ना?

बसून राहिली तिथंच. काका म्हने, "उतर आता, बंद कर गाडी."

२३ एप्रिल

पावडरचा डबा समोरच होता. हातात घेतला. एक चिमूट टाकली असती तं दोघंही पांढरे.

नाई टाकली. थोडी माह्याच मानेले लावली अन् डबा ठेवून दिला.

सुमितचे बाबा गाडी घेऊन गेले. सुमित नाई आला. हळदीची गडबड असन.

२६ एप्रिल

आई बरातीत गेली. मी म्हनलं, पोट दुखते. कोनीच विश्वास ठेवला नाई, अन् या वेळी खोटंच होतं.

२७ एप्रिल

आई आली. चप्पल काढता काढता सांगत होती, "काय थंडी बाई त्या गाडीत! मावशीनं तं शाल काढली." मावशी म्हंजे सुमितची आई.

"मावशी नवरीसंग बसली होती का?"

"नवरी कुठं त्यात? सुमितनं रायपूरची भाड्याची गाडी बोलावली ना ऐन वेळी. म्हने, तिनं काई ना काई करून ठेवलं असन, बायकोसमोर इज्जत नको जायाले. आमी समोर दोघी, दाटीवाटीनं."

"अन् मागं?"

"मागं आहेराचे भांडे."

एवढी वळवलेली हवा गोंदियापासून भिलाईपर्यंत गंज-पातेल्यांले लागली.

हसू आलं मले. मंग थांबेच ना. आई म्हने, "काय झालं वं?" तोंडावर उशी घेतली.

३० एप्रिल, गुरुवार

सुमित आला. पांढरी घेऊन. गाडी चालू ठेवून उतरला. त्याची बायको आत, काच वर. मले पाहून हात हालवला तिनं. चांगली हाये चेहऱ्यानं. मी पाना हालवला.

तो शटरजवळच उभा. "दुर्गले गेलो होतो. त्याले विचारलं. त्यानं तोच भरला होता."

"हो."

"तू खरं सांगून राहिली होती."

"हो."

जमिनीकडं पाहात राहिला. मी पाहून राहिली का याच्या डोक्यात गाडी पुढं सरकते का. एक खरं निंघालं तं दुसरं? मी सांगनार नाई आता. एकदा सांगतलं.

"मंग तू..." म्हनला. थांबला. मागं वळून गाडीकडं पायलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल.

"काई नाई. एसी एकदम मस्त हाये."

"माहीत हाये मले."

"एकदा चेक करून देशील? रविवारी घेऊन येतो."

"गॅस पूरा हाये. काय चेक करू?"

"तरी."

अन् गेला. बायकोनं परत हात हालवला.

रविवारी दुकान बंद राहते. त्याले लहानपनापासून माहीत हाये.