तांब्या आणि ठसका

वाशीम, मंगळवार, संध्याकाळ

आज दुपारनंतर सुमनला पाणी पिताना ठसका लागला नाही. एकदाही नाही! तिला झालेल्या मेंदूच्या दुर्मिळ आजारात गिळणं बिघडतं, म्हणून घाबरून मी बायकोचं पाणीच कमी केलं होतं. दुपारी रुग्ण-कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं लिहिलं. जऊळक्याच्या एका ताईंचा लगेच व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या नवऱ्यालाही हाच आजार.

"भाऊ, वहिनी तांब्या वर धरून पेतात का? मान मांगं जाते ना, म्हणून ठसका लागते! पेल्याले ओठ लावू द्या, हनुवटी खाली."

जन्मभराची सवय तिची. इतकी वर्षं बातमीदारी केली, आणि घरातला तांब्या कसा दिसला नाही मला? न पाहिलेल्या या ताईंचे आभार कसे मानू?

"पेला उष्टा करायले लावला मले," सुमन कुरकुरली. मग दुसरा भरून मागितला.