निवळलेल्या पाण्याचे आकडे

प्रिय अहो,

शाळेत सिस्टरांनी पत्रांचे सगळे मायने शिकवले, नवऱ्याला काय लिहायचं ते मात्र नाही. म्हणून हाच मायना! आज लिहायचं कारण तुमची पीएचडीची केतकी. सकाळी विश्रांतवाडीहून आली आणि दारातच रडायला लागली. "काकू, निवळलं हो!"

पाणी निवळलं म्हणून रडणारी माणसं तुमच्याच लॅबमध्ये सापडायची! आठवतं? तुम्ही ती दुधट पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली होतीत, आणि काही दिवसांनी मी हौसेनं सांगायला आले, "अहो, छान निवळलं की!" तुम्ही कपाळाला हात लावलात. "बाईसाहेब, तुरटी फिरवायची तेवढी राहिली!"

मग कॉन्व्हेंटमधल्या मला तुम्ही 'अभिसरण' शिकवलंत. तापलेल्या नळीतून वाहणारं पाणी उष्णता घेऊन जातं. त्यात कण दिसूही नयेत इतकी बारीक ॲल्युमिनाची पूड मिसळली, तर जास्त नेतं. पण किती मिसळायची? "आमटीला बेसन लावा, पिठलं करू नका. पंपाला ढकलायचंय ते." आणि कण तळाशी बसले, की उरलं साधं पाणी.

केतकीचे कण बसले. ताज्या मिश्रणाचे आकडे सुरेख, जुन्याचे जवळजवळ साध्या पाण्याचेच. विभागातले तिला म्हणतात, "ताजेच द्या. सरांच्या हाताखालचा शेवटचा प्रबंध, त्यांचं नाव राहील." तिनं मला विचारलं, "काकू, सर काय म्हणाले असते?"

खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं, द्यावेत ताजेच. किती वर्षं घातलीत त्या पाण्यात! त्या दिवशी तुमच्या छातीत दुखत होतं, मी लॅबखाली रिक्षा थांबवून ठेवली होती, आणि तुम्ही फोनवर म्हणालात, "एवढं एक रीडिंग." का हो? नंतर घेता आलं नसतं?

मी केतकीला विचारलं, "त्या दिवशी सर कशाचं रीडिंग घेत होते गं?"

ती म्हणाली, "जुन्याचंच. निवळलेल्याचं."

मग मला विचारायचं राहिलंच काय? म्हटलं, "दोन्ही छाप. आणि डोळे पूस, चहा टाकते."

तिच्या तोंडी परीक्षेला मी येणार आहे. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. ज्या आकड्यासाठी तुम्ही थांबलात, तो तुमच्या नावानिशी वाचला जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुमचीच,
शैला