गोलकीपर राजाराम, श्रूजबरी

४ मे २००६, गुरुवार
लंचला ऑफिसातल्या डेक्लनने विचारलं, आमच्या हर्लिंगच्या टीममध्ये गोलकीपर म्हणून येतोस का. आयर्लंडचा खेळ. हॉकीसारखी काठी, पण चेंडू बहुतेक हवेतूनच येतो. त्यांचा नेहमीचा कीपर मॅटी, वय त्रेपन्न, धंद्याने प्लंबर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी नागपूरला कॉलेजचा विकेटकीपर होतो, हे डेक्लनला कसं कळलं? गुण लपत नाहीत. नीलांबरी म्हणाली, आधी आठ जणांनी नाही म्हटलं असेल. बायकोला स्पोर्ट्समधलं कळत नाही.

७ मे, रविवार
पहिली प्रॅक्टिस. अंगठा सुजला. संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन मैल धावणे. साखर बंद.

८ मे
अलार्म वाजला. स्नायूंना विश्रांती महत्त्वाची, असं नेटवर वाचलंय. उद्यापासून.

४ जून, रविवार
पहिली मॅच. नऊ गोल बसले. गोलच्या आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक पॉइंट, खालून गेला तर गोल, म्हणजे तीन. वरून गेलेल्यांत माझा काहीच दोष नव्हता, हे कुणी लक्षात घेत नाही. एक चेंडू मी छातीने अडवला. दहा वर्षांची लेक कादंबरी म्हणाली, "बाबा, इट जस्ट हिट यू."
इथे अमेरिकेत जन्मलेली मुलं. टेक्निक कळत नाही.

२५ जून, रविवार
सात गोल. प्रगती स्पष्ट आहे. मॅटी काठी टेकत गोलमागे येऊन बसला होता. शेवटी जवळ बोलावून म्हणाला, गोल झाला तरी कीपरने मान खाली घालायची नाही, पुढचा चेंडू येतच असतो. मी म्हटलं, मान खाली नव्हती. डोळे मिटले होते.
तो बराच वेळ हसला. मग खांद्यावर हात ठेवला. मला आवडला माणूस.

१६ जुलै, रविवार
मॅटीचा गुडघा बरा झाला. डेक्लन म्हणाला, आता तू रिझर्व्ह. म्हणजे हुकमाचा पत्ता. फायनलसाठी राखून ठेवतायत. सकाळी धावलो. पार्किंग लॉटपर्यंत.

२० ऑगस्ट, रविवार
फायनल. मॅटीची ही शेवटची मॅच, हे सगळ्यांना माहीत होतं. मला पांढरा कोट आणि दोन झेंडे दिले. गोलच्या खांबाशी उभं राहायचं, गोल झाला तर हिरवा, पॉइंट झाला तर पांढरा झेंडा हलवायचा. अंपायर कमी पडला होता.
शेवटचं मिनिट, आम्ही दोन पॉइंटांनी पुढे. चेंडू आला, मॅटी त्यावर पडला. पण चेंडू रेषेच्या आत गेला होता. मी पाहिला, डोळे उघडे होते. डेक्लन माझ्याकडे बघत होता. आमची सगळी टीमच बघत होती.
हिरवा झेंडा हलवला.
एका पॉइंटने हरलो. डेक्लन मला काय काय बोलला ते लिहीत नाही. मॅटी चिखलातून उठला आणि म्हणाला, "आत होता. राज बरोबर आहे." मग आपल्या माणसांकडे न जाता आधी माझ्याशी हात मिळवला.

२३ ऑगस्ट, बुधवार
डेक्लन क्यूबिकलपाशी आला. राग गेला होता. पुढच्या वर्षी येशील ना, विचारलं. मॅटी रिटायर, जागा रिकामी. ऊर भरून आला. म्हटलं, विंटरभर प्रॅक्टिस करतो, रोज पहाटे पाचला.
तो म्हणाला, त्याची गरज नाही. फक्त कोटाचा साइज सांग.