बिनरमेचे प्याले

हिबारा,
८ ऑक्टोबर १९५१

प्रिय अमान्सियोदादास,

सा. न. वि. वि. नुसत्या नमस्काराला तू उत्तर पाठवत नाहीस, म्हणून सोबत दोन्ही गालांवर पापे समज.

बातमी खाली बसून वाच. आपल्या निएवेसचं लग्न ठरलं. मुलगा लिसार्दो, होड्या बांधणारा सुतार. बंदराच्या टोकाला त्याची शेड आहे. त्याने जोडलेल्या फळ्यांतून पाणी आत येत नाही असं कोळी सांगतात. बोलायला गोड, आईपुढे जरा मऊ. तारीख बारा जानेवारी. रेमिहियो असता तर बापाच्या हाताला धरून पोर चर्चमध्ये गेली असती. तो नाही, तेव्हा तो मान मामाचा. हॉटेलातले अमेरिकन एक आठवडा तहानलेले राहिले तर मरणार नाहीत. तू यायचंस.

आता दुखणं सांगते. लिसार्दो पितो. गेल्या साली चौकातल्या कारंज्यात झोपलेला सापडला होता. निएवेस म्हणते, सप्टेंबरात कारिदाद मातेच्या सणाला त्याने शपथ घेतली, तेव्हापासून थेंबाला शिवलेला नाही. मी म्हटलं, बाई, तुझा बाप दर वर्षी त्याच मातेपुढे शपथ घ्यायचा, मातासुद्धा कंटाळली असेल. त्यावर पोर माझ्याशी बोलेना. पण दादा, रेमिहियोचे पिवळे डोळे आणि ते फुगलेलं पोट मी धुतलंय, पुसलंय. पुन्हा माझ्याच घरात ते नको.

लग्नात दारू नको म्हटलं तर विहीणबाई उसळल्या. म्हणाल्या, लोक विचारतील, लग्नाला बोलावलंत की मयताला? मुलीचा मामा हवानाच्या मोठ्या हॉटेलात बारमागे उभा राहून रमचे प्याले बनवतो आणि इथे आम्ही पाहुण्यांना नारळपाणी देऊ? आणि नवऱ्यामुलाने हातात प्याला न घेता उभं राहायचं म्हणजे माझं नाक कापायचं!

तेव्हा असं काहीतरी सांग की दिसेल रम, लागेल रम, पण रम नसेल. तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. निएवेसला मात्र मी यातलं काही सांगणार नाही. तिला तो नवऱ्याचा अपमान वाटेल.

माया आहे तशी राहू दे आणि उत्तर चार ओळींचं पाठवू नकोस.

तुझी धाकटी,
डिग्ना


हवाना,
१९ ऑक्टोबर १९५१

चि. डिग्नास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी बारमागे एकटाच हसत होतो. गिऱ्हाइकाला वाटलं मीच प्यायलोय. इतकी वर्षं या धंद्यात गेली. रम जास्त घाल, रम लपव, बायकोला दिसणार नाही अशी घाल, हे सगळं ऐकलं. रम काढून घे म्हणणारी पहिली बाई माझी बहीणच निघावी!

जमेल. माणूस रम पितो म्हणजे काय पितो? घशातली आग, जिभेवरचा कडवटपणा, नाकातला वास. आगीला आलं आणि मिरी. कडवटपणाला संत्र्याची साल निखाऱ्यावर काळी करून घे. पिंपातल्या लाकडाचा तुरटपणा कडक काळ्या चहातून येतो. साखर जाळून त्यात चिंचेचा कोळ घातलास की रंग जुन्या रमचा दिसतो. दुसरा प्याला अननसाचा, पुदिना आणि लिंबू चेचून. तिसरा बायकांसाठी, आटवलेलं दूध, नारळ आणि जायफळ. प्रत्येक प्याल्याच्या काठावरून रममध्ये बुडवलेलं फडकं फक्त फिरव. नाकाची समजूत पटली की जीभ मागोमाग येते. बर्फ मासळीच्या गोदामातून आणशील तो धुऊन घे, नाहीतर माझ्या नावावर बांगड्याचा प्याला खपेल.

पण एक विचारू? पोरगा खरंच सुटला असेल तर हा खटाटोप कशाला? त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांग की बाबा, तुझ्या प्याल्यात चिंच आहे. त्याच्यावर एवढा विश्वास टाकून बघ.

मी येतोच आहे. पोरीला सांग, मामाने नवे बूट घेतलेत. तुमच्या सगळ्यांची आठवण जवळ बाळगून,

अमान्सियो


हिबारा,
२५ नोव्हेंबर १९५१

प्रिय दादास,

सा. न. चिंचेचा प्याला करून पाहिला. आपल्या तोरिबियोकाकांना दिला, न सांगता. म्हातारा तीन प्याले रिचवून म्हणाला की असली कडक रम स्पॅनिश राजवटीनंतर चाखली नव्हती, आणि उठताना खरोखर भेलकांडला. मी एप्रनमध्ये तोंड लपवून हसले.

लिसार्दोला सांग म्हणालास. नाही सांगत. रेमिहियोलाही मी विश्वासाने किल्ल्या दिल्या होत्या. आणि याला सांगितलं की विहीणबाईंना कळणार, विहीणबाईंना कळलं की बाजाराला. परवा तो घरी आला होता. काकांनी बाटली पुढे केली तर हात मागे घेतला, कॉफी मागितली. मला बरं वाटलं. पण सासूसमोर कोण पितो?

आता तूच ये आणि निस्तर. वाट पाहत असलेली,

डिग्ना


हवाना,
२८ डिसेंबर १९५१

चि. डिग्नास आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मन धजत नव्हतं. रजा नाकारली. जानेवारीत हॉटेल भरलेलं असतं. मॅनेजर म्हणाला, जायचं तर जा, पण परत येऊ नकोस. या वयात दुसरा बार मला कोण उघडून देणार? तोरिबियोकाकांना सांग, पोरीचा हात त्यांनीच धरावा. बूट तिकडे पाठवून उपयोग नाही, त्यांचा पाय लहान आहे.

संत्र्याच्या सालीचा अर्क ओळखीच्या रेल्वेगार्डाबरोबर पाठवतोय. प्याल्याला चारच थेंब. निएवेसला माझ्या वतीने जवळ घे. राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.

अमान्सियो


हिबारा,
१४ जानेवारी १९५२

प्रिय दादास,

सा. न. वि. वि. लग्न पार पडलं आणि तुझ्या प्याल्यांनी गाव जिंकलं. डुक्कर छान भाजलं गेलं, काळ्या घेवड्याचा भात तळाला थोडा लागला, पण कुणाचं लक्ष होतं? सगळे चिंचेच्या मागे. डॉक्टर नाचले. टपालमास्तर बायकोला सोडून विहीणबाईंना मिठी मारून रडले. आले-मिरीवर, दादा! विहीणबाई पाहुण्यांना सांगत होत्या की ही खास हवानाची रम, इथे मिळत नाही.

एकच गोष्ट मनाला लागली. प्याले उंचावून शुभेच्छा द्यायच्या वेळी लिसार्दोने हातच पुढे केला नाही. म्हणाला, मला पाणी द्या. मित्रांनी आरडाओरड केली, तेव्हा त्याच्या आईने स्वतः प्याला त्याच्या हातात कोंबला आणि सगळ्यांदेखत म्हणाली की आईच्या हातचं आज नाकारलंस तर मी इथून उठून जाईन. त्याने निएवेसकडे पाहिलं. मग डोळे मिटून एका घोटात संपवला. पोरीचा चेहरा डोक्यावरच्या लग्नाच्या जाळीसारखा पांढरा झाला. ती स्वयंपाकघरात निघून गेली. सांगावं म्हणून मी मागे गेले, तेवढ्यात बर्फ संपल्याची हाक आली, ते राहिलं.

पुढे त्याने एकामागून एक घेतले. आणि शेवटपर्यंत ताठ उभा! जाताना माझे हात धरून म्हणाला, बघितलंत सासूबाई, मी बरा झालो. एवढी प्यायलो आणि जमीन हलली नाही. आता मी इतर पुरुषांसारखा पिऊ शकतो. मला इतकं हसू आलं! ते कसं दाबलं ते माझं मला माहीत.

तुझ्या हाताला देवाने यश दिलंय. असाच आमच्या पाठीशी राहा.

डिग्ना


हवाना,
२१ जानेवारी १९५२

डिग्ना,

पत्र मिळालं तसा लिहायला बसलोय. नमस्कार-आशीर्वाद नंतर.

तू हसलीस? अगं, तो काय म्हणाला ते नीट ऐकलंस का? त्याची समजूत झालीय की त्याने शपथ मोडली आणि त्याला काही झालं नाही. बारमागे उभं राहून मी हे पाहिलंय. सुटलेला माणूस पुन्हा पहिला प्याला घेतो तो याच समजुतीने, की आता मला चढत नाही. आणि ही समजूत त्याला आपण दिली. तू आणि मी.

आजच्या आज जा. त्याला सांग की ती चिंच होती. तो चिडेल, तुला शिव्या देईल, विहीण गावभर बोंबलेल. बोंबलू दे. आधी निएवेसला सांग, मग दोघींनी मिळून त्याला सांगा. मी पाया पडतो तुझ्या.

अमान्सियो


हिबारा,
२० एप्रिल १९५२

प्रिय मामास,

निएवेसचा नमस्कार. तुझ्या भेटीची चादर मिळाली. उत्तराला उशीर झाला. घरात मन लागत नाही.

आईने मला ईस्टरला सांगितलं. तू तिला जानेवारीतच लिहिलं होतंस तेही सांगितलं. रोज उद्या सांगते म्हणत राहिली. मी तिच्याशी भांडले नाही. भांडायला अंगात जोर हवा.

मामा, त्या दिवशी त्याने प्याला घेतला आणि मी पाठ फिरवली. लग्नानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. तो माझ्या मागे मागे फिरायचा, म्हणायचा की आईने भरीला घातलं गं, पण बघ ना, मी पडलो नाही. मी म्हटलं, शपथ ती शपथ. मग तो शेडवर एक घेऊ लागला. लग्नात एवढी पचवली, एकीने काय होतंय, म्हणायचा. एकीची बाटली कधी झाली ते मलाही कळलं नाही. आता सकाळी हात थरथरतात, घेतल्याशिवाय त्याला करवत धरता येत नाही.

चिंचेच्या पाण्यासाठी मी त्याला शिक्षा केली. हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू? सांगितलं तर तो म्हणेल, सगळं गाव हसलं माझ्यावर. नाही सांगितलं तर असाच जाईल. तुझ्याकडे सगळ्या पेयांची माहिती आहे. यावर काही असेल तर कळव. नसेल तरी पत्र पाठव.

तुझी,
निएवेस


हवाना,
२ मे १९५२

चि. निएवेसला मामाचे आशीर्वाद.

यावर माझ्याकडे काही नाही, पोरी. असतं तर मी हा धंदा केला नसता. त्याला सांगा. उशीर झालाय, तरी सांगा. माझं नाव पुढे करा, दोष माझ्यावर टाका. मला इथे काही फरक पडत नाही, आणि मला तो हवाही आहे.

तुझा मामा


हिबारा,
१८ ऑगस्ट १९५२

प्रिय दादास,

सा. न. हे पत्र विनोदाशिवायच वाचावं लागेल.

जुलैच्या शेवटी फळी सरकवताना लिसार्दोचा हात यंत्राच्या करवतीत गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेड बंद आहे. अर्धी बांधलेली होडी मालक दुसरीकडे ओढून घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला आपल्या घरामागच्या खोलीत ठेवलं होतं, दारू मिळाली नाही. त्या दिवसांत तो ओरडला, थरथरला, मग निवळला. घरी आला तेव्हा नजर स्वच्छ होती. मी ठरवलं, आत्ताच.

कालच्या रविवारी गेले. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तुझ्यावर नाही ढकललं, दादा. मीच मागितलं, मीच केलं, मीच लपवलं, असं सांगितलं. तो खाली हाताच्या पट्टीकडे बघत ऐकत होता. मला वाटलं, आता उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने हळूच विचारलं, म्हणजे त्या दिवशी मी शपथ मोडली नव्हती?

मी म्हटलं, नाही रे बाळा. नव्हती मोडलीस.

मग त्याने निएवेसला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, ईस्टरपासून. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने उठला, डाव्या हाताने दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. बटणं निएवेसने लावली. दादा, मी मनातल्या मनात मातेचे आभार मानले. वाटलं, माणूस परत उभा राहतोय. तो दारात थांबला, टोपी घातली, आणि मला म्हणाला की सासूबाई, एवढ्या लोकांत एका माणसाला तरी वाटायला हवं होतं की मी पाणी मागतोय ते खरं मागतोय. आवाज चढवला नाही. मग पायऱ्या उतरून तो बंदराकडे वळला. चर्चकडे नाही, दारूच्या दुकानाकडे.

मी निएवेसला म्हटलं, धाव, अडव त्याला. ती जागची हलली नाही. तिने जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या उचलून एकावर एक ठेवल्या. मी विचारलं, हे काय करतेस? म्हणाली, आई, आता तू घरी जा. त्याला आणून टाकतात तेव्हा दारापासून पलंगापर्यंत ओढत न्यावा लागतो, मला जागा लागते.

मी आले निघून.

तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. या वेळी मागत नाही.

डिग्ना