जोडीतलं दुसरं पिस्तूल

दार्सैत, मस्कत
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

अनुसयावहिनी,

सप्रेम जयभीम. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लावले, माफ करा. कामाचं निमित्त सांगत नाही. चार पत्रं लिहून फाडली.

रचना बरी आहे. यश बारावीला आहे. उकाडा ओसरलाय.

भानुदास वारल्यावर नागपूरला निघताना तुम्ही त्याचं पिस्तूल टॉवेलात गुंडाळून माझ्या हाती दिलंत. ते कपाटात तसंच होतं. काल टॉवेल सोडून पाहिलं.

ती जुनी इंग्रजी जोडी आम्ही दोघांनी मिळून मत्रहच्या बाजारात घेतली होती. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, पेटी माझ्याकडे. द्वंद्वाची पिस्तुलं तंतोतंत सारखी बनवत, कुणाला झुकतं माप नको म्हणून. मग मी माझं इंजिनिअरपण दाखवलं. नळीवरचा तपकिरी थर गंज समजून पॉलिश पेपरने घासून काढला. तो दोनशे वर्षांपूर्वी मुद्दाम चढवलेला रंग होता. भानुदास चारचौघांत म्हणाला, "सत्याने पिस्तूल नाही, तांब्या घासलाय! पाणी भरून ठेव रे." सगळे हसले. मी आठ महिने त्याच्याशी बोललो नाही. एवढ्यावरून.

तुम्ही लिहिलंत, जाण्याआधीच्या शुक्रवारी तो माझ्याकडे आला आणि घरी परतून म्हणाला, "मिटलं गं. सत्या हसला." त्या वाक्याचा तुम्हाला आधार वाटतो. मी तेव्हा काय बोललो, ते विचारलंत.

वहिनी, मी दारच उघडलं नाही. दाराच्या भिंगातून पाहिलं. काखेत टॉवेलाची गुंडाळी घेऊन उभा होता. दोनदा बेल वाजवली. "आहेस ना रे? चप्पल दिसतेय तुझी." मग जिना उतरल्याचा आवाज.

तो तुमच्याशी खोटं बोलला ते तुम्हाला घोर नको म्हणून, की माझी लाज राखायला, ठरवता येत नाही.

अजून शुक्रवारी बेल ऐकू येते. मी उठतो. रचना म्हणते, "अरे, कुणी नाहीये." चपला आता आत ठेवतो.

काल टॉवेल सोडला, तर त्याचीही नळी घासलेली. चकचकीत, माझ्या पिस्तुलासारखीच. त्याला रंगाचं मोल माहीत होतं, तरी. दोन्ही पेटीत ठेवली. कुठलं कुणाचं, मला सांगता येईना.

हे वाचून तुमचा आधार जाईल. तो राहू द्यायला हवा होता का, अजून कळत नाही.

ज्याने दार उघडलं नाही तो,
सतीश

उद्या: हे पत्र पोस्टात टाकणे.