सात नियम आणि एक मोटर

१४ मे २०२४, मंगळवार
आजपासून नोंदी. कारण : बिल्डिंगच्या मोटरीचं ऑटोमेशन. पुढे संदर्भाला लागेल.

परिस्थिती अशी. पडेगाव, बारा फ्लॅट. नळाला पाणी आठ दिवसांनी, पाऊण तास. खालचा हौद लहान, म्हणून पाणी येत असतानाच मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. नाहीतर हौद भरतो आणि आमच्या वाट्याचं पाणी पुढच्या बिल्डिंगला जातं. मोटरीचं बटण कडूबाई दाबतात. त्या बिल्डिंगची सगळी वरकड कामं बघतात. तीन वर्षांत एकदाही चुकलेल्या नाहीत, पण ही काही पद्धत नव्हे.

पुढचं पाणी सोमवारी, २० तारखेला. तोवर माझा कंट्रोलर बसेल. चेअरमन अप्पारावांना तसं लेखी कळवलं.

१६ मे, गुरुवार
बटण काढलं. कंट्रोलर बसवला. चाचणी घेतली. मोटरीला वीज जोडणारा रिले बरोबर वाजला, मोटर फिरली नाही. पाच सेकंदांत बंद केली.

कडूबाई म्हणाल्या, "ताई, लई घुरघुर करतीय. रुसली वाटतं बटणासाठी." मी हसले नाही.

मोटर गेल्या रविवारी चालत होती. म्हणजे दोष मोटरीत नाही. म्हणजे रिलेच्या टायमिंगमध्ये आहे. तर्क स्वच्छ आहे.

१६ मे, संध्याकाळ
कडूबाईंच्या भाच्याने मला एका ग्रुपवर घेतलं. ‘मोटर-पंप मदत’, ४१२ सदस्य. अ‍ॅडमिन शफीभाई, फुलंब्रीला वाइंडिंगचं दुकान. तासभर नुसतं वाचलं. नवीन ठिकाणी आधी वाचावं, हा शिष्टाचार.

इथे तो कुणालाच नाही. पिशोरच्या एकाने मोटरीचा हललेला फोटो टाकला. त्यात निम्मी म्हैस. खाली : "भाऊ लोकं रामराम, मोटर बसली, लई अडचण, काय करावं." मॉडेल नाही, व्होल्टेज नाही. दहा मिनिटांत चौदा उत्तरं, विसाव्या मिनिटाला मोटर चालू.

निव्वळ योगायोग.

१७ मे, शुक्रवार
माझा प्रश्न पाठवला. पाच उपशीर्षकं, सर्किटची पीडीएफ, रिलेचं अपेक्षित आणि प्रत्यक्ष टायमिंग वेगळं. पहिल्या खर्ड्यात आवाजाबद्दल एक वाक्य होतं, ते काढलं. घुरघुर मोजता येत नाही. ‘अर्जंट’ हा शब्दही काढला. घाई ही विचारणाऱ्याची, उत्तर देणाऱ्याची नव्हे.

रात्रीपर्यंत प्रतिसाद तीन. एक अंगठा. एक : "ताई एजन्सी कोणत्या गावाला? हप्त्यावर भेटंल का?" तिसरा शफीभाईंचा : "रामराम ताई. कुठल्या तुम्ही? विहीर का बोअर? आधी टेका तरी जरा."

कळवलं : "स्थळ अप्रस्तुत आहे. कृपया मुद्दा ३ पाहावा."

१८ मे, शनिवार
प्रश्न उत्तम होता. वाचक तयार नाहीत. म्हणून ‘मदत कशी मागावी : सात नियम’ लिहून ग्रुपवर टाकले. आधी शोधा. एका वेळी एकच प्रश्न. फोटो स्थिर असावा. नमस्कार-चमत्कारात वेळ घालवू नये. ‘लई अडचण’ ही माहिती नव्हे. व्हॉइस नोट पाठवू नये. काम झाल्यावर निष्कर्ष नोंदवावा.

एकतीस जणांनी हात जोडले. एकाने गुलाबाच्या फुलासह ‘शुभ सकाळ’ पाठवलं. नियम स्वीकारले गेले असं समजते.

दुपारनंतर ग्रुपवर कुणीच काही विचारलेलं नाही. म्हणजे सगळे आधी शोधत असावेत.

१९ मे, रविवार
शफीभाईंचा स्वतंत्र मेसेज. मोटर चालू केली की कसा आवाज करते, असं विचारलं. कळवलं की दोष टायमिंगचा आहे. त्यावर त्यांनी लिहिलं, "बरं ताई. तुम्ही शिकलेल्या." हे सौजन्याने लिहिलं आहे, असं धरते.

रिलेचा विलंब दोनशे मिलिसेकंदांनी वाढवला. मोटर तशीच. सकाळी चारशे करीन.

अप्पारावांनी जिन्यात विचारलं, "हिमानी, बटण लावून घेऊ का परत? बारा घरं आहेत." म्हटलं, उद्या प्रात्यक्षिक पाहा.

२० मे, सोमवार
सकाळी ६.१० ला पाणी आलं. चारशे मिलिसेकंद. मोटर फिरली नाही. सहाशे. नाही. ६.३० ला हौद काठाला. खाली लोक बादल्या घेऊन उभे. दुसऱ्या मजल्यावरच्या दगडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इंजिनेर बाईच्या डब्यात भरा आता पाणी."

६.३४ ला ग्रुपवर व्हॉइस नोट पाठवली. अकरा सेकंद. मजकूर : "शफीभाई, पाणी आलंय हो, मोटर फिरत नाहीये, सगळे खाली उभे आहेत, काय करू, प्लीज."

नमस्कार राहिला.

अर्ध्या मिनिटात शफीभाईंचा फोन. "आधी बंद करा ताई, जळंल ती! तुमच्या मागं घुरघुर ऐकली मी. जाम झालीया. आठ दिवस उभी राहती, खाऱ्या पाण्यानं धरती. मागची जाळी काढा, शाफ्टला खाच हाय, पेचकस घालून फिरवा." तेवढ्यात ग्रुपवर नऊ जणांनी हेच लिहिलं होतं. दोघांनी चित्र काढून.

पेचकस कडूबाईंनी फिरवला. माझ्याने वळेना. दोन आट्यांत सुटली. ६.४१ ला मोटर चालू.

६.५५ ला पाणी गेलं.

शफीभाईंनी विचारलं, हे शुक्रवारीच का नाही सांगितलं. मी माझा प्रश्न पुन्हा वाचला. पाच उपशीर्षकं. मोटर फिरत नाही, हे वाक्य त्यात कुठेच नाही.

२१ मे, मंगळवार
अप्पारावांनी बटण परत लावायला सांगितलं. लावलं. कंट्रोलर काढून खोक्यात ठेवला. निर्दोष आहे.

नियमाप्रमाणे ग्रुपवर निष्कर्ष नोंदवला : "कारण यांत्रिक. समस्या सुटली." मला वाटलं विषय संपला. पण लगेच विचारणा सुरू झाली. टाकी किती भरली, ताई? मी लिहिलं, एक तृतीयांश. मग पिशोरहून, फुलंब्रीहून, कन्नडहून, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही अशा माणसांनी एकच विचारलं : मग आठ दिवस बारा घरांना पुरंल का?

उत्तराचे चार खर्डे केले. पहिल्यात सरासरी वापर, दुसऱ्यात टँकरचा पर्याय, तिसऱ्यात जबाबदारीचं विश्लेषण. चौथा तिसऱ्यासारखाच झाला.

शेवटी पाठवलं : "नाही. माझ्यामुळे."

उत्तर नेमकं आहे. काढण्यासारखं काही दिसत नाही.