खळ्यातला गोल्फ

पनवेल, १९५६

साहेबाची माफी माग, असं आईला लिहायला तुझा हात धजला कसा? बूट घालून खळ्यात तो शिरला आणि माफी मी मागायची?

चि. कमळाकर, आशीर्वाद. तुझी बहीण रंभा बरी आहे. ताप येतो थोडा, पण जेवते, बाळही दूध पितं. तुझ्या धाकटीचा खोकला थांबला का?

आता ऐक. बंगल्यावरचा रावते साहेब कापणी झालेल्या शेतात गोल्फ खेळतो. झोडणीसाठी मी खळं शेणाने सारवलं, तर चेंडू घालायला त्याने मधोमध भोक पाडलं. मी ओरडले, तर म्हणतो, "आजी, आधी खेळून दाखवा, मग बोला."

दाखवते म्हटलं. जावईबापूंकडून बाभळीची वाकडी काठी तासून घेतली. अंगणात येऊन पडलेले त्याचेच चेंडू घेऊन आठ दिवस शिकले. दोन दिवस नुसती माती उडाली. पण टोला नेमका बसला की मजा येते रे, खोटं कशाला बोलू.

काल पैज लावली, हरेल त्याने भोक बुजवायचं. तो हसत कबूल झाला. त्याला खळं सपाट दिसतं. मी रोज सारवते, उतार माझ्या हाताला ठाऊक. चेंडू भोकात घालायला त्याला पाच टोले लागले, मला दोन.

मग बूट काढायला लावले. शेण मी कालवून दिलं, सारवलं त्याने, गुडघे टेकून. एक कोपरा राहिला होता, तोही करून घेतला.

याचं उत्तर सूनबाईनेच लिहायचं. तू नुसतं टपालपेटीत टाकायचं.

तुझी आई